अपेंडिक्सचं ऑपरेशन: घाई कधी, थांबणं कधी

रात्री अकराला सोनोग्राफी होते. अपेंडिक्सला सूज आल्याचं निदान होतं, सलाईन लागतं, अँटिबायोटिकचा पहिला डोस जातो आणि सर्जन सांगतात, "ऑपरेशन सकाळी करू." इथे नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. अपेंडिक्स म्हणजे ताबडतोब ऑपरेशन, नाहीतर ते फुटतं, हे प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. मग सकाळपर्यंत थांबायचं कसं? डॉक्टर चालढकल करताहेत का? रातोरात दुसरीकडे हलवावं का?

ही भीती समजण्यासारखी आहे, पण बहुतेक वेळा ती अनाठायी असते. निदान पक्कं झालंय, उपचार सुरू आहेत आणि अपेंडिक्स फुटल्याची लक्षणं नाहीत, अशा माणसाला ऑपरेशनसाठी काही तास थांबावं लागलं तर सहसा त्याचं नुकसान होत नाही. जिवावर बेततो तो उशीर वेगळाच असतो. पोट दुखायला लागल्यापासून डॉक्टरांचा हात पोटाला लागेपर्यंत जो वेळ घरी जातो, तो. रुग्णालयातल्या सहा तासांसाठी आपण सर्जनशी वाद घालतो आणि घरी अंगावर काढलेले दोन दिवस आपल्या हिशेबातच नसतात. मला इथे मुख्यतः हाच हिशेब मांडायचा आहे.

आत काय चाललेलं असतं

लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला एक बारीक नळी चिकटलेली असते. लांबी साधारण ६ ते १० सेंटिमीटर. एक तोंड आतड्यात उघडणारं, दुसरं टोक बंद. हे अपेंडिक्स, म्हणजेच आंत्रपुच्छ. या नळीचं तोंड कधी वाळून घट्ट झालेल्या मळाच्या खड्याने बंद होतं, कधी तिच्या भिंतीतल्या ग्रंथी सुजल्यामुळे. कित्येकदा नेमकं कारण सापडतच नाही. तोंड बंद झालं तरी आतलं अस्तर चिकट स्राव तयार करतच राहतं. आतला दाब वाढतो, भिंतीतल्या बारीक शिरा दाबल्या जातात, भिंत फुगते आणि एरवी आतड्यात निमूट राहणारे जंतू त्या भिंतीत शिरतात. दाब आणखी वाढला तर भिंतीचा रक्तपुरवठाच थांबतो, तेवढा भाग काळा पडून मरतो आणि तिथे भोक पडतं. अपेंडिक्स 'फुटलं' असं आपण म्हणतो ते हे.

पूर्वी असं मानत की सुजलेलं प्रत्येक अपेंडिक्स याच वाटेने जातं: आज सूज, उद्या पू, परवा फुटणं. सर्जन त्याआधी पोचला तर रुग्ण वाचला, एवढाच प्रश्न. आता तसं दिसत नाही. पुष्कळ रुग्णांत सूज साधीच राहते आणि औषधांनी, क्वचित औषधांशिवायही, उतरते. काहींचा आजार मात्र सुरुवातीपासूनच जहाल असतो आणि एक-दीड दिवसात, कधी त्याहून लवकर, भिंतीला भोक पडतं. हे एकाच आजाराचे दोन टप्पे नसून दोन वेगळे आजार असावेत, असं मानणाऱ्या सर्जनांची संख्या वाढते आहे. आपल्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. ज्यांचं अपेंडिक्स फुटायचं असतं त्यांतल्या बऱ्याच जणांचं ते रुग्णालयाच्या दारात येण्याआधीच फुटलेलं असतं. दाखल झाल्यावर ऑपरेशनची नुसती घाई करून ती वेळ परत आणता येत नाही.

दुखणं सरकतं, आणि ते सरकणं फार काही सांगतं

अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं. मोघम, जीव नकोसा करणारं, पण बोट ठेवून दाखवता न येणारं. कारण अपेंडिक्सच्या स्वतःच्या नसा जागा नेमकी सांगू शकत नाहीत. मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर त्या पोचतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतालच्या त्वचेच्याही नसा पोचतात, आणि मेंदूला वाटतं की दुखतंय ते बेंबीपाशी. भूक मरते, मळमळतं, एक-दोन उलट्या होतात. या वेळी जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "गॅस झाला असेल." म्हणणाऱ्याची चूक नाही, गॅसचं दुखणंही असंच असतं.

मग काही तासांनी, कधी दिवसभराने, सूज अपेंडिक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत येते आणि पोटाच्या भिंतीला आतून असलेल्या अस्तराला लागते. या अस्तराच्या नसा जागा अचूक ओळखतात. आता दुखणं उजवीकडे खाली येऊन बसतं. खोकलं की कळ येते. चालताना माणूस उजवीकडे वाकून चालतो. गाडी गतिरोधकावरून गेली की तो पोट धरतो, हे लक्षण इतकं उपयोगी आहे की डॉक्टर आवर्जून विचारतात, "इथवर येताना धक्के बसले तेव्हा दुखलं का?"

तपासताना अनुभवी सर्जन काय करतात ते पाहण्यासारखं असतं. दुखऱ्या जागेला ते आधी हात लावतच नाहीत. रुग्णाला गुडघे वाकवून निजायला सांगतात, खोकायला सांगतात आणि पोटाकडे न बघता चेहऱ्याकडे बघतात. मग डावीकडून, दुखण्यापासून सर्वांत लांबच्या भागापासून, तळहाताने हलके दाबत येतात. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे दुखलं तर तीही खूण. शेवटी बोट येतं ते बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली दाखवून दिलेला हा बिंदू आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इथे दाबल्यावर पोटाचे स्नायू आपोआप आवळले गेले, रुग्णाने ठरवूनही ते सैल सुटेनात, तर सर्जनचा निर्णय निम्मा तिथेच झालेला असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन, या गोष्टी मग त्या संशयाला आकार देतात.

पण ही सरळ गोष्ट प्रत्येकात घडत नाही. कुणाचं अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असतं. त्याला पाठीत किंवा कुशीत दुखतं आणि पुढून पोट मऊच लागतं. कुणाचं खाली ओटीपोटात लोंबतं. त्याला पातळ शौचाला होतं किंवा सारखं लघवीला लागतं आणि आजार जुलाबांचा किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाचा वाटतो. घरी गेलेला बराचसा वेळ इथे जातो, आणि त्यात कधी डॉक्टरांच्या पहिल्या अंदाजाचाही वाटा असतो. म्हणूनच "औषध घेतलं, पण आठ तासांत दुखणं वाढतंच आहे" हे पुन्हा जाऊन सांगण्यात संकोच करू नये.

'ताबडतोब' हा नियम आला कुठून

१८८६ साली बॉस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी दाखवून दिलं की पोटाच्या उजव्या बाजूला होणाऱ्या ज्या जीवघेण्या पुवाचं मूळ तोवर मोठ्या आतड्यात शोधत होते, ते खरं अपेंडिक्समध्ये असतं. या आजाराला 'अपेंडिसायटिस' हे आजचं नाव त्यांनीच दिलं आणि लवकर ऑपरेशन करा असा आग्रह धरला. तो आग्रह रास्त होता. त्या काळी पोटात पू पसरला की हाती काहीच उरत नसे. शिरेतून सलाईन देण्याची सोय आजच्यासारखी नव्हती, अँटिबायोटिक तर नव्हतंच; पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायला १९४० चं दशक उजाडलं. सर्जनचा चाकू हा एकमेव उपाय, आणि तोही भोक पडण्याआधी चालला तरच.

१९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जूनला ठरला होता. त्याआधी काही दिवस त्याचं पोट दुखत होतं, पण समारंभ पुढे ढकलायला तो तयार नव्हता. शेवटी दोन दिवस उरले असताना, २४ जूनला, फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी ऑपरेशन करून साठलेला पू बाहेर काढला. अपेंडिक्स त्यांनी काढलं नाही, जागच्या जागी राहू दिलं. राजा बरा झाला आणि ९ ऑगस्टला त्याचा राज्याभिषेक झाला. जादूगार हॅरी हुडिनीचं नशीब तसं नव्हतं. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये पोटदुखी आणि अंगात जोराचा ताप असताना त्याने डेट्रॉइटला रंगमंचावर प्रयोग केला. नंतर ऑपरेशन झालं तेव्हा फुटलेल्या अपेंडिक्समुळे पोटभर संसर्ग पसरलेला होता. ३१ ऑक्टोबरला तो गेला.

दोन्ही उदाहरणांत उशीर झाला तो डॉक्टरांपर्यंत जाण्यात किंवा त्यांचं ऐकण्यात. लोकांच्या मनात मात्र यातून एकच वाक्य राहिलं: अपेंडिक्स म्हणजे लगेच कापा. ते वाक्य त्या काळाचं होतं. आज त्यातला अर्धा भाग खरा आहे.

आकडे काय म्हणतात

लक्षणं सुरू झाल्यापासून किती वेळाने अपेंडिक्स फुटतं, याचा अमेरिकेत केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. उपचाराविना ३६ तास उलटेपर्यंत फुटण्याची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी होती. त्यानंतर मात्र दर १२ तासांना ती साधारण ५ टक्क्यांनी वाढत गेली. 'उपचाराविना' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि मोजणी सुरू होते ती पहिल्या दुखण्यापासून. रुग्णालयाच्या केसपेपरवर जी वेळ लिहिलेली असते ती कधीच पहिली वेळ नसते.

दुसरा अभ्यास फिनलंड आणि नॉर्वेतल्या रुग्णालयांतला, २०२३ सालचा. अपेंडिक्स फुटल्याची शंका नसलेले सुमारे १८०० प्रौढ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन ८ तासांच्या आत करायचं, दुसऱ्याचं २४ तासांच्या आत. ऑपरेशनच्या वेळी फुटलेलं अपेंडिक्स आढळलं ते पहिल्या गटात ८ टक्के रुग्णांत आणि दुसऱ्यात ९ टक्के. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीही दोन्हीकडे सारख्याच. म्हणजे घाई करूनही जवळपास तितक्याच जणांचं अपेंडिक्स फुटलेलं निघालं, कारण त्यातली बरीचशी आधीच फुटलेली असणार.

जागतिक आपत्कालीन शस्त्रक्रिया संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: गुंतागुंत नसलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन रुग्णालयात दाखल असताना २४ तासांपर्यंत लांबलं तरी ते सुरक्षित आहे; त्यापुढे लांबवू नये. दुसरा भागही तितकाच पाळायचा आहे. "उद्या बघू"चं "परवा बघू" झालं तर नातेवाइकांनी जरूर विचारावं.

आणि सकाळपर्यंत थांबण्यात रुग्णाचाही फायदा असतो. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं, ते सलाईनने भरून निघतं. कोरड्या पडलेल्या शरीराला भूल देणं जोखमीचं असतं. पोट रिकामं होतं. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर सहा तास आणि नुसत्या पाण्यानंतर दोन तास थांबायचा नियम आहे. रात्री थिएटरमध्ये माणसं कमी असतात, दिवसभर उभे राहिलेले हात दमलेले असतात, आणि अडलेली बाळंतीण किंवा डोक्याला मार लागलेला अपघाताचा रुग्ण आला तर त्याला आधी न्यावंच लागतं. पहाटे तीनला दमलेल्या टीमकडून करून घेण्यापेक्षा सकाळी आठला ताज्या टीमकडून, दुर्बिणीतून, व्यवस्थित केलेलं ऑपरेशन मला जास्त मोलाचं वाटतं.

ज्यांनी थांबायचं नाही

अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं. पोट फळीसारखं कडक होतं, जरा हललं तरी सगळीकडे दुखतं, ताप चढतो, नाडी जलद धावते, श्वास वाढतो, लघवी कमी होते, माणूस मलूल होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. रक्तदाब उतरू लागला तर संसर्ग रक्तात भिनल्याची ती खूण. इथे सलाईन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशनची तयारी एकाच वेळी धावते; एक-दोन तास जातात ते रुग्णाला भूल पेलवेल अशा स्थितीत आणण्यासाठी, आणि तेवढे ते लागतातच.

फुटण्याच्या क्षणाबद्दल एक धोक्याची गोष्ट माहीत असायलाच हवी. आतला दाब एकदम मोकळा झाल्यामुळे कित्येकांचं दुखणं त्या वेळी अचानक कमी होतं. घरच्यांना हायसं वाटतं, रुग्ण डोळे मिटून पडतो. काही तासांनी दुखणं परत येतं ते संपूर्ण पोटात, तापासकट. म्हणून उपचार झालेला नसताना तीव्र पोटदुखी एकाएकी थांबली, तर ती बरी झाली असं समजून घरी थांबू नये. रुग्णालयात वाट बघत असताना असं झालं तर त्याच मिनिटाला नर्सना सांगावं.

लहान मुलांच्या बाबतीत सर्जनही फारसा धीर धरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलाला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही; ते किरकिरतं, खात नाही, पाय पोटाशी घेऊन पडून राहतं. पोटातल्या चरबीचा जो पडदा मोठ्या माणसात सुजलेल्या भागाभोवती गुंडाळला जातो तो मुलांत पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे पू लवकर पसरतो. इतक्या लहान वयात निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक मुलांचं अपेंडिक्स फुटलेलं असतं. खेळणारं मूल खेळायचं थांबलं, उडी मारायला सांगितल्यावर नको म्हणू लागलं, तर त्याला डॉक्टरांना दाखवा.

वृद्धांचं उलट असतं. त्यांना ताप फारसा येत नाही, दुखणं सौम्य असतं, रक्ताचे रिपोर्टही कधी बरे येतात, आणि आत मात्र आजार पुढे गेलेला असतो. मधुमेह असलेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले रुग्ण यांच्याही बाबतीत वरवरच्या शांततेवर विसंबता येत नाही.

गरोदरपणात मळमळ आणि उलट्या नेहमीच्याच, पांढऱ्या पेशीही एरवीपेक्षा वाढलेल्याच असतात. त्यामुळे निदान रेंगाळतं. ऑपरेशनमुळे बाळाला काही होईल या भीतीने घरचे अडतात. प्रत्यक्षात बाळाला खरा धोका ऑपरेशनपेक्षा फुटलेल्या अपेंडिक्सचा जास्त असतो. सोनोग्राफीत स्पष्ट दिसलं नाही तर एमआरआय करता येतो, त्यात क्ष-किरण वापरत नाहीत. निदान झालं की इथे थांबायचं नसतं.

फुटलं आहे, तरी ऑपरेशन नाही?

हा प्रश्न नातेवाइकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. चार-पाच दिवस दुखणं अंगावर काढून माणूस येतो. उजवीकडे खाली हाताला गोळा लागतो. स्कॅनमध्ये दिसतं की अपेंडिक्स फुटलंय, पण शरीराने आतड्याची वेटोळी आणि चरबीचा पडदा भोवती चिकटवून पू एका जागी कोंडून ठेवलाय. आणि सर्जन म्हणतात, आत्ता ऑपरेशन नको.

ते बरोबर म्हणतात. त्या दिवसांत तिथले सगळे अवयव सुजून एकमेकांना चिकटलेले असतात. हात घातला तर निरोगी आतड्याला इजा होण्याची, अपेंडिक्सऐवजी आतड्याचा तुकडाच काढावा लागण्याची शक्यता वाढते. म्हणून अँटिबायोटिक देतात, पू जास्त असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने त्वचेतून बारीक नळी घालून तो काढतात. सातव्या एडवर्डच्या पोटातला पू काढून अपेंडिक्स तसंच ठेवण्यात ट्रीव्ह्ज यांनी जो विचार केला, तोच विचार आज अधिक सुरक्षित साधनांनी केला जातो. सूज उतरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, अपेंडिक्स काढायचं की नाही हे ठरवतात. काही केंद्रांतले निष्णात सर्जन अशा वेळीही दुर्बिणीतून लगेच ऑपरेशन करतात. ते त्यांच्या हाताच्या सरावावर अवलंबून आहे.

चाळिशीपुढच्या रुग्णांनी मात्र नंतरचा फेरा चुकवू नये. अशा गळवाच्या मुळाशी कधी कधी अपेंडिक्सची किंवा आतड्याची गाठ असते. फिनलंडमध्ये अशा रुग्णांवर चाललेला एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण त्यांच्यात गाठींचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं, आणि त्या निघाल्या चाळिशी उलटलेल्यांत. दुखणं थांबलंय म्हणून दुर्बिणीने आतड्याची तपासणी आणि स्कॅन टाळणं धोक्याचं आहे.

ऑपरेशनच नको असेल तर

साध्या सुजेवर फक्त अँटिबायोटिक देऊन भागतं का? अनेकांचं भागतं, निदान काही काळ. फिनलंडमधल्या ५३० रुग्णांच्या अभ्यासात अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षभरात ऑपरेशन करावं लागलं. पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांवर गेला. म्हणजे दर दहांतल्या सहा जणांना पाच वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. २०२० साली अमेरिकेतल्या १५५२ रुग्णांच्या अभ्यासात ९० दिवसांतच २९ टक्क्यांचं ऑपरेशन झालं, पण अपेंडिक्समध्ये मळाचा खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं आणि नसलेल्यांत २५.

स्कॅनमध्ये खडा दिसला असेल तर माझं मत ऑपरेशनच्या बाजूने आहे. खडा नसेल, अपेंडिक्स फुटलेलं नसेल आणि रुग्णाला पुढची काही वर्षं वैद्यकीय मदत सहज मिळणार असेल, तर औषधांचा मार्ग सर्जनशी बोलून निवडता येतो. महिनोन्महिने समुद्रावर किंवा दुर्गम भागात काम करणाऱ्याने तो निवडू नये. लिओनिद रोगोझोव्ह या रशियन डॉक्टरला १९६१ साली अंटार्क्टिकाच्या तळावर हाच आजार झाला. तिथे दुसरा डॉक्टर नव्हता. औषधांनी सूज उतरेना, तेव्हा ३० एप्रिलच्या रात्री जागेवर बधिर करण्याचं इंजेक्शन घेऊन, सहकाऱ्यांना आरसा धरायला लावून त्याने स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. तो वाचला.

वाट बघताना

सकाळचं ऑपरेशन ठरलं असेल तर रात्रभरात काय व्हायला हवं? ठराविक तासांनी कुणीतरी येऊन नाडी, ताप, रक्तदाब बघायला हवा आणि पोटाला हात लावायला हवा. दुखणं कमी करणारं औषध मिळायला हवं. वेदनाशामक दिल्याने निदान लपतं, ही जुनी समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. रुग्णाला कळवळत ठेवण्याचं कारण नाही. तोंडाने काही देऊ नये, घोटभर चहाही नाही, कारण ऑपरेशनची वेळ अलीकडे येऊ शकते. सर्जनना तीन गोष्टी विचारता येतात: फुटल्याची काही शंका आहे का, स्कॅनमध्ये खडा दिसतोय का, आणि रात्रीत दुखणं वाढलं तर कोण बघेल. या तिन्हींची नीट उत्तरं मिळाली तर रुग्णाला हलवण्याचा विचार सोडावा. हलवाहलवीत जाणारे तास पुन्हा उपचाराविनाच जातात. उत्तरं मिळत नसतील, किंवा तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ वा थिएटरच उपलब्ध नसेल, तर मात्र हलवणंच योग्य, आणि तेही लगेच, कागदपत्रं आणि दिलेल्या औषधांच्या वेळा सोबत घेऊन.

निदानच पक्कं नसेल तर थांबणं हाही उपचाराचा भाग असतो. सहा-आठ तासांनी त्याच सर्जनच्या हाताने पुन्हा तपासणी केली की बरंच स्पष्ट होतं: अपेंडिक्स असेल तर चित्र ठळक होतं, नसेल तर विरतं.

आणि घरी? आधी ठणठणीत असलेल्या माणसाचं पोट सहा तासांहून जास्त वेळ जोरात दुखत राहिलं, दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं, खोकताना किंवा चालताना कळ येऊ लागली, किंवा पोटदुखीबरोबर ताप आला, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नका. आतड्याची हालचाल जोरात वाढली तर सुजलेली भिंत फाटू शकते. पोट शेकत बसू नका. घरात पडलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊ नका. त्यांनी आजार जात नाही, लक्षणं मात्र पुसट होतात आणि निदान आणखी मागे पडतं. डॉक्टरांकडे जाताना वेळा लिहून न्या: पहिल्यांदा कधी दुखलं, कुठे दुखलं, कधी सरकलं, उलटी दुखण्याच्या आधी झाली की नंतर. अपेंडिक्समध्ये बहुधा दुखणं आधी येतं आणि उलटी मागून. पोट बिघडल्यावर पुष्कळदा याच्या उलट होतं. शेवटचं खाणंपिणं किती वाजता झालं तेही त्याच कागदावर लिहा. भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतात.